दोघांना पुरेल असा हीटर

बाळीच्या बाबांना,

पंधरा वर्षं हीटर मागत होते, तेव्हा "आणखी एक पांघरूण घे, वीज काय फुकट येते?" म्हणायचात. आता मी इकडे लाँड्रीत इस्त्री करायला आले, तर तुम्हाला थंडी वाजायला लागली! वर विचारता काय, दोघांना पुरेल असा कोणता घेऊ? आई खाटेवरून उठत नाहीत, बाळी सासरी. मग दुसरं कोण? माडीवरच्या शिवणवाल्या बाई?

तेलाचा मोठा घेऊ नका, तो अख्खी खोली तापवत बसतो. आमच्या मुकादमीणबाईंकडे आहे तसला छोटा, कांडीचा घ्या. समोर बसेल त्यालाच ऊब, वीजही कमी. आईंच्या खाटेपाशी ठेवा, पण पांघरुणापासून चांगला लांब. त्यांचे गुडघे कसे आहेत?

मी मजेत आहे. कामावर वाफेने घामच निघतो. खोलीवर पाय गार पडतात, तेव्हा तुमची माकडटोपी दोन्ही पायांवर ओढून बसते. हसू नका.

हीटरपुढे दुसरी खुर्ची कुणासाठी मांडणार, ते गुरुवारच्या आत कळवा. नाहीतर शुक्रवारी मी शिवणवाल्या बाईंनाच फोन लावून विचारीन.

अजून तुमचीच,
बाळीची आई