काट्यावरची रांग

मानवत,
१० डिसेंबर २०२४

ती. मनकर्णा आत्यास,
अर्पिताचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझ्या कानाचं मशीन पुन्हा बंद पडल्याचं अण्णांकडून कळलं. बरंच झालं. फोनवर ओरडून माझा घसा बसतो आणि तू भलतंच ऐकतेस. मी नेटवर्किंगची परीक्षा पास झाले म्हणाले, तर तू राणीसावरगावभर मी प्राध्यापक झाल्याचं सांगितलंस!

आत्या, हे कॉम्प्युटर एकमेकांना जोडायचं काम आहे. अण्णांनी माझं सर्टिफिकेट फ्रेम करून पुढच्या खोलीत लावलंय. पाणी प्यायला आलेल्या माणसालाही ते दाखवतात. पण नोकरी मागायला जावं तर सगळे एकच विचारतात, की प्रत्यक्ष हातानं काय केलंस. मी काय सांगू? परीक्षेत सगळ्या वायरी पडद्यावरच जोडल्या होत्या.

म्हणून परमेश्वरभाऊंकडे जाते. अर्ध्या मानवतला इंटरनेट तेच देतात. पण ते मला काउंटरवर तक्रारी लिहायला बसवतात. ते शिडी घेऊन निघाले की माझे पाय खुर्चीखाली थांबत नाहीत. घरी जुन्या वायरी कापते, परत जोडते. आईनं परवा पक्कडच लपवून ठेवली.

उत्तर सावकाश दे, पण माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
अर्पिता


राणीसावरगाव,
१६ डिसेंबर

चि. अर्पितास,
आत्याचे पोटभर आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. प्राध्यापक न्हाईस हे आता गावाला सांगायला मला लाज वाटायली, म्हणून सांगणार न्हाई.

तू लहानपणी बी एका जागी बसत नव्हतीस. जेवताना सुद्धा ताट घेऊन अंगणभर फिरायचीस. त्या परमेश्वराला सरळ म्हण, मला काम दे, न्हाई तर चालले. मनात कुढू नको. इकडं तूर काढायलेत, सूनबाईला बोलायला सवड न्हाई. तू लय वाळलीस असं तुझा बाप दिनकर म्हणत होता. खात जा.

तुझी वाट बघणारी,
आत्या


मानवत,
२८ डिसेंबर

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं ऐकलं आणि फसले. काम मागितलं तर परमेश्वरभाऊ बघू म्हणाले. सोमवारी ते परभणीला गेले आणि इकडे कापसाच्या जिनिंग मिलमधून फोन आला, नव्या प्रिंटरला वायर जोडून द्या म्हणून. मी कोणाला न विचारता गेले.

प्रिंटर चालला. आत्या, इतका आनंद मला पास झाल्यावरही झाला नव्हता. निघताना एका वायरीचं टोक लोंबकळताना दिसलं. सगळ्या वायरी जिथे एकत्र येतात त्या डब्यात एक खाच रिकामी होती. नीट दिसावं म्हणून मी ते टोक तिथे खोचलं.

थोड्याच वेळात वजनकाट्यावरचा कॉम्प्युटर थिजला. पावती निघेना, आणि पावतीशिवाय कापसाची गाडी आत जाईना. रांग पार रस्त्यावर गेली. मी सगळं बंद करून चालू केलं, वायरी बदलल्या, काही उपयोग नाही. डब्यावरचे सगळे दिवे एकदमच वेड्यासारखे लुकलुकत होते. लोक खिडकीशी येऊन म्हणायला लागले, ही पोरगी कोणी आणली, हिला घरी धाडा.

शेवटी एकेक वायर उपटत गेले. मीच खोचलेलं ते टोक काढलं आणि दिवे शांत झाले. त्याचं दुसरं टोक कपाटामागून फिरून त्याच डब्यात आधीच जोडलेलं होतं. त्यामुळे कॉम्प्युटरचे निरोप तिथल्या तिथे गोल फिरत राहिले आणि बाकी कशाला वाट उरली नाही. हा प्रश्न परीक्षेत होता. मी बरोबर सोडवला होता!

चूक माझीच, असं मी मॅनेजरना सांगितलं. त्यांनी परमेश्वरभाऊंना फोन करून ही मुलगी परत पाठवू नका म्हटलं. आता पुन्हा काउंटर.

अण्णाही त्याच दिवशी कापूस घालून आले. जेवले नाहीत. सर्दी असेल.

रागावलीस तरी लिहायचं सोडू नकोस.

अर्पिता


राणीसावरगाव,
४ जानेवारी २०२५

चि. अर्पितास,
अनेक आशीर्वाद.

सांगू नको म्हणून दिनकर बजावून गेला हाय, पण माझ्या पोटात राहीना. सर्दी-बिर्दी काही न्हाई त्याला. त्या रांगेत तुझा बाप बी गाडी घेऊन उभा होता. लोक तुला बोलायलेत आणि ह्यानं मान खाली घातलेली. शेजारच्या गाडीवाल्यानं विचारलं, कोणाची पोरगी हाय ही? तर हा म्हणाला, काय माहीत.

माझ्यासमोर बसून ताटातली भाकर कुस्करत होता, तोंडात एक घास घातला न्हाई. म्हणाला, आक्का, घरी आल्या-गेल्याला फ्रेम दाखवतो मी, आणि तिथं माझी जीभच उचलली न्हाई.

मी त्याला लय बोलले. तू बोलू नको. आणि त्या जिनिंगचं तोंड टाळत बसू नको.

तुझ्यावर जीव असलेली,
आत्या


मानवत,
२० जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याआधीच अण्णा रांगेत होते हे मला माहीत होतं. खिडकीतून मी अण्णांना पाहिलं होतं. त्यांनी पाठ फिरवली, तेव्हा मला वाटलं, ते रागावलेत. इतके दिवस आम्ही दोघं समोरासमोर जेवत होतो आणि फक्त मीठ मागत होतो.

मी परमेश्वरभाऊंना म्हटलं, जिनिंगच्या सगळ्या वायरी मला नीट लावून द्यायच्यात. ते आधी हसले. मग मला घेऊन मॅनेजरकडे गेले आणि म्हणाले, बिघडवलं हिनं, शोधलंही हिनंच. उद्या दुसऱ्या कोणी तसंच टोक खोचलं तर काय कराल? मॅनेजरनी कॅलेंडरवर बोट फिरवलं. शेवटी काटा बंद असतो त्या दिवशी या म्हणाले.

रविवारी निघाले तर अण्णा मोटारसायकल काढून उभे. शिडी धरायला कोणी लागेल म्हणाले. मॅनेजरनी त्यांना परमेश्वरभाऊंचा गडी समजून इकडे धरा, तिकडे धरा केलं. अण्णांनी दिवसभर मुकाट्यानं शिडी धरली. मी एकेक वायर टोकापासून टोकापर्यंत हातानं चाचपली, प्रत्येकीवर चिठ्ठी लावली. कोपरं सोलली, केसांत कापूस भरला. संध्याकाळी सगळे कॉम्प्युटर चालू केले, काटाही. दिवे आपापल्या लयीत लुकलुकले. मॅनेजरनी स्वतः पावती काढून पाहिली आणि खिशात घातली.

नांदेडहून एका कंपनीनं मुलाखतीला बोलावलंय. हातानं काय केलंस विचारलं तर चूकही सांगायची की नुसती दुरुस्ती, याच विचारानं जीव थाऱ्यावर नाही. तुला काय वाटतं ते लवकर कळव.

परतताना अण्णा गाडीवर म्हणाले, त्या दिवशी मी रांगेत होतो. मी म्हटलं, माहीत आहे. आमच्या घराचं वळण आलं आणि मागे गेलं, त्यांच्या लक्षातच आलं नाही. मीही आठवण करून दिली नाही. बरंच पुढे गेलो आम्ही.

घरातल्या सगळ्यांना नमस्कार. तुझा हात माझ्या डोक्यावर असाच राहू दे.

तुझी,
अर्पिता