हे नाव आधीच घेतलेलं आहे

३ जून
संगणककक्षातली खुर्ची गुरुत्वाकर्षणाची एकनिष्ठ सेविका आहे. बसलो तेव्हा टेबलाच्या वर होतो. तासाभरात हनुवटी कीबोर्डला टेकली. या अवस्थेत, एक्कावन्नाव्या वर्षी, प्रोग्रॅमिंग शिकायचं!

कारण हेडसरांचं पत्र. शाळेतले संस्कृतचे वर्ग बंद. एकवीस तारखेची परीक्षा पास झालो तर मुलांना संगणक शिकवायचा, नाहीतर घरी बसायचं. खाली आणखी दोन ओळी — प्रशासकीय.

मला शिकवणार संगणकाच्या बाई. माझ्या निम्म्या वयाच्या, कंत्राटी. म्हणाल्या, “रोज चारला या सर, मी थांबते.”

६ जून
वेळापत्रकाचा प्रोग्रॅम. स्विच म्हणजे वार बघून वाट फोडायची — सोमवार असेल तर ही केस, मंगळवार असेल तर ती. सोमवारच्या केसमध्ये ‘तास’ नावाचा व्हेरिएबल, म्हणजे आकडा ठेवायचा डबा, केला; किंमत पाच. मंगळवारीही ‘तास’, किंमत चार. प्रोग्रॅम तपासून घेणारा कंपायलर लालबुंद — हे नाव आधीच घेतलेलं आहे!

अरे, सोमवार वेगळा, मंगळवार वेगळा! दोन वर्गांत एकाच नावाची दोन मुलं असतात, कोणी ओरडतं का?

बाई म्हणाल्या, “केस म्हणजे वेगळी खोली नाही, सर. सगळा स्विच एकच खोली. कंस घातल्याशिवाय मधे भिंत नाही.”

७ जून
एरर. एरर. एरर. घरी आलो तर ही विचारते, “चहा देऊ, की आधी कंपाइल करून घेता?”

९ जून
आज हुशारी केली. मंगळवारचेही तास पाचच ठेवले आणि ‘तास’ पुन्हा घोषितच केला नाही, सरळ वापरला. संस्कृत व्याकरणात वरच्या सूत्रातलं पद खालच्या सूत्रांत आपोआप चालत येतं — अनुवृत्ती! पंचवीस वर्षं हेच तर शिकवलं.

कंपायलर म्हणतो, याला किंमतच दिलेली नाही.

बाई पोट धरून हसल्या. “मंगळवारी प्रोग्रॅम सोमवारच्या ओळींत शिरतच नाही हो! थेट खाली उडी मारतो. नाव ओळखीचं, पण आत काही नाही.”

“म्हणजे मीच. हजेरीपटावर आहे, तास एकही नाही.”

यावर त्या हसल्या नाहीत. स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली आणि त्या खचणाऱ्या खुर्चीत जाऊन बसल्या. “व्हाल हो पास!”

१४ जून
प्रत्येक केसला महिरपी कंस. भिंती उभ्या राहिल्या! दोन्ही ‘तास’ आपापल्या खोलीत सुखाने नांदताहेत. हे बाईंनी सहा तारखेलाच सांगितलं होतं म्हणे. असेल.

१९ जून
सराव परीक्षा. पेपर तपासता तपासता बाई म्हणाल्या, “पुढच्या सत्रात वर्ग वाटून घेऊ, सर. सातवी मात्र मला ठेवा. द्वाड आहेत, पण माझी आहेत.”

“बघू,” म्हटलं.

२१ जून
पास! बाईंनी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं — सर, शून्य एरर.

२२ जून
हेडसरांनी आज बाईंना बोलावून घेतलं. पत्रातल्या त्या दोन ओळी मी पहिल्याच दिवशी वाचल्या होत्या : संगणकाचं पद यापुढे एकच, कायम शिक्षकाला प्राधान्य. ‘तुम्हाला माहीत होतं, सर?’ असं त्या विचारतील, याची तीन आठवडे भीती होती. आज शेजारून गेल्या. आता भीती वाटते, की विचारणारच नाहीत.