‘पाडव्याचा पावणा’चं ऑडिओ व्हर्जन

२२ सप्टेंबर, सोमवार
मंडळाची मीटिंग. गल्लीत ड्रेनेजसाठी खोदलंय, त्यामुळे यंदा दिवाळीला स्टेज घालता येणार नाही. ‘पाडव्याचा पावणा’ रद्द. शिर्के मास्तरांनी हे नाटक लिहिल्यापासून आमच्या गल्लीचा एकही पाडवा त्याच्याशिवाय गेलेला नाही. मी म्हणालो, ऑडिओ करू, पाडव्याला सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर पाठवू. कुणीही विरोध केला नाही. (निम्मे चहाला उठले होते.) रूपांतराची जबाबदारी माझ्यावर. साहजिक आहे. त्यातल्या शिवरामचं काम इतकी वर्षं मीच करतोय.

स्नेहल कोडोलीला माहेरीच आहे. तिला चेंज हवा होता.

२४ सप्टेंबर, बुधवार. कंपनीत, जेवणाच्या सुट्टीत
स्टोअरमध्ये बसून विचार केला. नाटक तसं सोपं आहे. शिवरामची बायको चंद्रा रुसून माहेरी गेलेली असते. पाडव्याला शिवराम तिला आणायला सासरवाडीला जातो. दोन अंक नुसता धिंगाणा. खिडकीतून आत पडतो, चकलीच्या पिठात बसतो, त्याची म्हैस मागोमाग घरात शिरते. तिसऱ्या अंकात तो दारात उभा राहतो, टोपी काढतो, आणि एक शब्द बोलत नाही. चंद्रा आपली आपण पिशवी घेऊन बाहेर येते. टाळ्या, पडदा.

चंद्रा स्नेहलच करते, लग्नाआधी ती इथे बीएडला होती तेव्हापासून. दरवर्षी पिशवी घेऊन बाहेर येते. एकदाही चुकलेली नाही.

तेव्हा पाडव्याला तिने हे कोडोलीत ऐकलं की विषय संपला. अर्थात हा मूळ हेतू नाही. मूळ हेतू सांस्कृतिक आहे.

२९ सप्टेंबर, सोमवार. सुट्टी
म्हशीचा ओरिजिनल आवाज पाहिजे म्हणून अतुलला घेऊन गंगावेशेत, धारेच्या दुधाच्या म्हशी उभ्या असतात तिथे गेलो. अतुल माझा मित्र. राजारामपुरीत कोचिंग क्लासच्या वरच्या खोलीत त्याचा स्टुडिओ आहे, रिक्षावरून फिरणाऱ्या जाहिराती तो करतो. म्हैस देखणी होती. आम्ही तिच्या तोंडासमोर माईक धरून उभे. तिने हूं की चूं केलं नाही. शेवटी मालकच म्हणाले, पावणं, तिनं वरडावं असं वाटत असंल तर रेडकू लांब न्हेऊन बांधाय लागतंय, मग बघा कशी हंबरत्या.

मी नको म्हणालो. अतुल म्हणाला, दोन मिनिटाचा तर प्रश्न हाय. तरी नको म्हणालो. का ते सांगता आलं नाही. पाठ भरून आली होती, घरी येऊन झोपलो. संध्याकाळी अतुलने स्वतःच म्हशीचा आवाज काढून पाठवला. बरा आहे.

२ ऑक्टोबर, दसरा
सोनं द्यायला कोडोलीला जायचं नक्की केलं होतं. अंघोळ करून तयारही झालो. पण दुसऱ्या अंकावर सुचायला लागलं, आणि असं सुचत असताना उठू नये. स्नेहलला आपट्याच्या पानाचं चित्र व्हॉट्सॲपवर पाठवलं. बघितलं तिने. म्हणजे पोचलं.

मग काही सुचलं नाही. टीव्ही बघितला.

३ ऑक्टोबर, शुक्रवार
चंद्राचं काम तिनेच करावं म्हणून स्क्रिप्ट मेव्हण्याच्या, म्हणजे धैर्यशीलच्या, फोनवर पाठवली. तिला थेट पाठवणं बरोबर दिसलं नसतं, दबाव येतो. धैर्यशीलने निरोप दिला की ताई म्हणत्या, मला सगळं पाठ हाय, आणि औंदा जमणार न्हाय.

ठीक आहे. मंडळातली क्रांती करेल. ती बँकेत आहे, आवाज स्वच्छ आहे.

६ ऑक्टोबर, सोमवार
रेकॉर्डिंग सुरू. स्टुडिओच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेत. खालून क्लासमधल्या पोरांचा गलका येतो, तो सासरवाडीतली गर्दी म्हणून ठेवला.

पहिल्या दोन अंकांत अडचण अशी की शिवराम जे करतो ते सगळं बघायचं आहे. मी खिडकीतून पडतो तिथे पिठाची पिशवी जमिनीवर आपटली. अतुल म्हणाला, कोण पडलं, काय पडलं, कायबी कळंना. म्हणून एक वाक्य घातलं: अरेरे, मी चकलीच्या पिठात पडलो. मग म्हशीसाठी एक: अरेच्चा, ही तर माझीच म्हैस. चकल्या तळल्याचा आवाज पावसासारखा येतोय, तिथे सासूच्या तोंडी घातलं की हा पाऊस नव्हे. मास्तर असते तर त्यांनाही पटलं असतं. रूपांतर करायचं म्हणजे काळीज लागतं.

१३ ऑक्टोबर, सोमवार
तिसरा अंक. शिवराम दारात उभा राहतो ती जागा आली. मी माईकसमोर उभा राहिलो, टोपी काढली आणि नेहमीसारखा गप्प राहिलो. चांगला झाला टेक.

अतुलने कानावरचा हेडफोन काढला आणि म्हणाला, कृष्णात, काय तरी बोल की. मी म्हणालो, इथे वाक्य नाही. तो म्हणाला, मग घाल, चल घरला एवढं म्हण, लई झालं. मी सांगितलं, मास्तरांच्या संहितेला मी हात लावणार नाही. यावर तो आणि क्रांती एकमेकांकडे बघत राहिले. क्रांती म्हणाली, स्टेजवर तुमचा चेहरा दिसतो हो, इथं नुसता अंधार हाय, कशाला येईल ती बाहेर?

एकदा करून बघितलं. चल, म्हणालो. पुढचं आलं नाही. घसा बसला होता. कंपनीतल्या फौंड्रीच्या धुळीने बसतो, सगळ्यांचाच बसतो. शेवटी ती जागा आहे तशीच पूर्ण लांबीची ठेवायला लावली. टोपी काढल्याचा तरी आवाज घेऊ म्हणून अतुलने माईक जवळ आणला. टोपीला आवाज नसतो.

१५ ऑक्टोबर, बुधवार
अतुलने आज चहा पिताना विचारलं, वहिनी नेमकी का गेली? चेंजसाठी, म्हणून सांगितलं. तो म्हणाला, आरं, खरं सांग.

खरं म्हणजे, जुलैमध्ये दवाखान्यातलं ते झालं, पाचवा महिना होता, तेव्हा मी काही बोललो नाही असं तिचं म्हणणं आहे. काय बोलायचं होतं? डॉक्टरांशी बोललो. औषधं आणली. खड्ड्यांतून हळू नेणारा रिक्षावाला बघून आणला. दुसऱ्या दिवशी स्टॉक टेकिंग होतं म्हणून कंपनीत गेलो. घरी दोघांनी बसून रडत राहण्यात काय अर्थ होता? मला रडू येतही नव्हतं. अजून येत नाही. जेवण जातं, झोप लागते. प्रकृती उत्तम आहे.

अतुलला यातलं काही सांगितलं नाही. दुसरा चहा मागवला.

१९ ऑक्टोबर, रविवार
सासूबाईंचा, सरुबाईंचा, फोन. म्हणाल्या, पाडव्याला जेवायला या, पोरगी कायबी म्हणत न्हाय, पन साडी काढून ठेवल्या, ओवाळाय पाट बी धुऊन ठेवलाय, मला कळतंय की. मी म्हणालो, सकाळी एक सरप्राईज पाठवतोय, ते ऐकू द्या आधी. त्या म्हणाल्या, पाठवू नका, तुमीच या. वयस्कर माणसांना ऑडिओचं माध्यम कळायला वेळ लागतो.

कोडोली इथून तासाभरावर आहे. जायला कधीही येतं, म्हणून तर घाई नाही. शिवाय ऐकायच्या आधीच मी जाऊन उभा राहिलो तर परिणाम जातो. आणि ऐकल्यावर ती स्वतःच निघणार. मग दोघं रस्त्यात चुकायचो.

२२ ऑक्टोबर, पाडवा. सकाळी
उटणं लावून अंघोळ. लिंक सगळ्यांना पाठवली. घर झाडलं. दारात रांगोळी काढली, ठिपके जुळले नाहीत, पण लांबून बरी दिसते. पाट मांडला. ती आल्याआल्या ओवाळायला बसता यावं.

दुपारी
गल्लीचे अभिप्राय. दोन अंक लोकांना आवडलेले दिसतात. म्हशीचं विशेष कौतुक. तिसऱ्या अंकाबद्दल विचारलं तर बहुतेकांचा मोबाईल तिथे बंद पडला म्हणे. एकाच वेळी इतके मोबाईल कसे बंद पडतात? टाळ्यांपर्यंत कुणी पोचलंच नाही.

बाहेर पोरं गाड्या पळवत गेली, मागोमाग शिंगं रंगवलेल्या म्हशी, दर पाडव्याला पळवतात तशा. खिडकीतून बघितलं. जेवलो नाही. भूक आहे, पण ती आल्यावर.

संध्याकाळी
सासूबाईंचा फोन आला. म्हणाल्या, समदी मिळून ऐकलं, स्नेहल बी बसलीती. दोनदा हसली. लई दिसांनी हसली. मग तुमी दारात आला आनि आवाजच बंद झाला. धैर्यशीलनं फोन हालवला, गच्चीवर न्हेला, आमाला वाटलं रेंज गेली. तवा ती म्हणाली, रेंज हाय, ह्यातनं कायबी यायचं न्हाय. आनि उठून आत गेली.

मी विचारलं, साडी नेसली होती का? व्हय, म्हणाल्या. आत्ता बदलली.

मग म्हणाल्या, इथल्या शाळेत जागा निघाल्या, तिला बीएडची सर्टिफिकिटं पायजेत, कुणाच्या तरी हातानं धाडून द्या, तुमी मुद्दाम यायची गरज न्हाय.

अतुलला फोन केला. म्हणालो, दारातलं ते वाक्य घेऊन टाकू, आत्ता येतो, तू स्टुडिओ उघड. तो म्हणाला, माईक कशाला पायजे रं, तिचा नंबर हाय न्हवं तुझ्याकडं?

लावला. तिनेच उचलला. हॅलो म्हणाली. मी हॅलो म्हणालो. मग ती काही बोलली नाही, पण फोनही ठेवला नाही. मागे भांड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. ती वाट बघत होती. मला कळत होतं ती कशाची वाट बघत्या. तोंड उघडलं.

विचारलं की सर्टिफिकिटं कुठल्या पिशवीत घालू.

ती म्हणाली, निळ्या.

निळी पिशवी सापडली नाही. हिरवीत घातली.