कंपनीचा इतिहास, दोन पानांत

३ मार्च, सोमवार
कंपनीला वीस वर्षं होणार. एचआरवाल्या बाई म्हणाल्या, सर, इतिहास तुम्हीच लिहा, दोन पानं पुरेत. अर्ध्या तासाचं काम. संध्याकाळपर्यंत हातावेगळं करणार. बायकोचा उल्लेख नाही. ती घर सोडून गेली त्याला वर्ष होत आलं. इतिहास कंपनीचा आहे, संसाराचा नाही.

४ मार्च
काल मीटिंग लांबली. आज पहिलं वाक्य झालं: 'ड्रायक्लीनरच्या दुकानावरच्या एका खोलीत ही कंपनी सुरू झाली.' झकास. दुसरं अडलंय. खोलीत दोन खुर्च्या होत्या, दुसरीवर कोण बसायचं ते लिहावं लागतं.

६ मार्च, दुपार
मुद्द्याचं लिहिलं. एका वकिलाने समोरच्या पार्टीला कराराची फाइल पाठवली. 'अशील याहून कमीतही तयार होईल' हे त्याने खोडलेलं वाक्य आत तसंच दडून राहिलं होतं. समोरच्याने खोडलेलं दाखवणारं बटण दाबून वाचलं. वकील रडकुंडीला येऊन आमच्याकडे आला. खोडलेलं कायमचं पुसून मगच फाइल बाहेर सोडणारा प्रोग्रॅम तिने तीन आठवड्यांत लिहिला. म्हणजे आम्ही लिहिला. मी चहा करत होतो. 'आम्ही'च राहू दे.

७ मार्च
आयटीवाला पुन्हा दारात. आपलं सॉफ्टवेअर अख्ख्या ऑफिसात फक्त तुमच्या लॅपटॉपवर बंद आहे, सर. म्हटलं, लॅपटॉप स्लो होतो. आणि कागदपत्रांतली जोखीम मला शिकवतोस? वीस वर्षं तेच विकतोय मी.

१० मार्च, सोमवार
घरून काम. घरात फक्त फ्रिज बोलतो. त्या भरात इतिहासात भलतंच लिहिलं गेलं. सगळं तिने केलं, मिरवलो मी. तिची खुर्ची अजून कुणाला हलवू दिलेली नाही. मला करमत नाही गं, ये ना परत.
वाचून लाज वाटली. सगळं खोडलं. तिथे टाकलं: 'एका सहकाऱ्याचे मोलाचे सहकार्य लाभले.' भारदस्त वाटतं.

१२ मार्च
फाइल तिला मेल केली. निव्वळ तारखा तपासायला.

१३ मार्च
आयटीवाला चेहरा पाडून आला. सर, काल तुमच्या फाइलमधून खोडलेलं सगळं तसंच बाहेर गेलंय. मेल परत ओढता येतो का, विचारलं. नाही म्हणाला.
दुपारी विचार केला, बरंच झालं. तोंडाने मला सात जन्मांत जमलं नसतं. तिने वाचलं असणार. विरघळणार, मी ओळखतो तिला. घरी येऊन तिचा कप घासून ठेवला. चादर बदलली.

१४ मार्च
उत्तर नाही. विचार करतेय. चांगलं लक्षण आहे. दाढी केली.

१५ मार्च, शनिवार
सकाळी तिचा मेल. 'तारखा पाहिल्या. एक चुकली होती, सुधारली. बाकी ठीक.' सोबत फाइल.
ते बटण दाबलं. काही नाही. पुन्हा दाबलं. माझ्या ओळी गेल्या होत्या. तिने फाइल त्याच प्रोग्रॅममधून काढून पाठवलीय. 'एका सहकाऱ्याचे' तेवढं तसंच ठेवलंय.
काय प्रोग्रॅम लिहिलाय बाईने. इतक्या वर्षांनीही एक अक्षर मागे ठेवत नाही. टेबलावर डोकं ठेवून रडलो.
मग फाइल एचआरला पाठवली. इतिहास बरोबर दोन पानांत बसला.