बाबांच्या बत्तीतले दोन सेल

मी, खाली सही करणारा, वय तेवीस, शिक्षण सातवी (आठवीत बसलो, टिकलो नाही), घरी मला भिंगरी म्हणतात, हे माझे मृत्युपत्र लिहून ठेवतो. आज माझे डोके ठिकाणावर आहे, मी प्यायलेलो नाही आणि हे लिही म्हणून कुणी मानगूट धरलेली नाही. उद्यापासून बोगद्याच्या आतल्या टोकाला काम आहे. मुकादम म्हणाले, "कुणाला काय द्यायचं ते लिहून ठेवा." बाकीच्यांनी एका ओळीत उरकले. मला दोन कागद लागले, कारण माझी पाळी सुटते तेव्हा खोलीतल्यांची सुरू होते. तीन महिन्यांत एवढे सलग मी कुणाशी बोललेलो नाही.

१. बँकेत असेल ते आईला. तिने ते ताईच्या संसारात न घालता स्वतःच्या दातांवर घालावे. ताईने रागावू नये.

२. घर माझ्या नावावर नाही, पण दारामागची खुंटी माझी आहे. तिच्यावर कुणीही काहीही टांगावे, फक्त ती माझी म्हणावी.

३. सोल्डरगन, पक्कड, चिमटा दाजींना. 'ह्याचं बूड एका जागी टेकत नाही' हे ते खरेच बोलले, पण चारचौघांत बोलायला नको होते.

४. मी स्वतः केलेली हलवायची बत्ती बाबांना.

बाबा, दोन वर्षांपूर्वी मी कामाला होतो त्या बत्त्यांच्या कारखान्यातून तुमच्यासाठी बत्ती आणली तेव्हा मी म्हणालो, "सेल नको, काही नको, हलवा की पेटली." तुम्ही कामावर ती घेऊन पंपघराची खोल, अंधारी शिडी उतरून आलात आणि सगळ्यांना सांगितलेत, "माझ्या पोराने केलीय." जन्मात पहिल्यांदा. जुनी बत्ती त्याच दिवशी देऊन टाकलीत.

ती खोटी आहे. तेव्हा मी खोकी भरायचो, मला माहीत नव्हते. पुढे जोडणीला बसवले तेव्हा कळले. तपासायला येणाऱ्या साहेबांसाठी एक ट्रे खऱ्या बत्त्यांचा, दुकानांसाठी बाकी सगळे खोट्यांचे. साहेबांच्या ट्रेला हात लावायची हिंमत नव्हती, म्हणून मी दुकानांसाठीच्या ट्रेमधली उचलली होती. तिच्यात दिव्यामागे बटणाएवढे दोन सेल आहेत, चुंबकाऐवजी लोखंडी ठोकळा, आणि तारेची टोके कुठेच जोडलेली नाहीत. ठोकळा आपटला की सेलची कळ दबते, बस. नुसता खुळखुळा.

मालकाला विचारले तर म्हणाला, "गिऱ्हाईक हलवतं, उजेड पडतो. बिघडलं कुठे?" मी तिथून निघालो. तुम्हाला वाटले, पायाला भिंगरी. त्या मालकाला माझ्याकडून काही नाही.

फोनवर सांगणार होतो. तेवढ्यात तुम्हीच म्हणालात, "अरे भिंगरी, तुझी बत्ती अजून चालते बघ. हल्ली जरा जास्त हलवावी लागते, पण माझ्याच हातातला जोर कमी झालाय." मी 'हं' म्हणालो. बाबा, जोर कमी झालेला नाही. सेल संपत आलेत. एखाद दिवशी ती शिडीच्या मध्यावरच विझेल.

मी केलेल्या ह्या बत्तीत खरा चुंबक आहे. तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातून तो ये-जा करतो तेव्हा तारेत वीज उठते. जाताना एका दिशेने, येताना उलट, म्हणून चार डायोड लावून ती एका वाटेला लावली आहे. कपॅसिटरमध्ये साठते, तिथून दिव्याला जाते. चुंबक फुटू नये म्हणून टोकांना रबर आहे. अर्धे मिनिट हलवली की चार-पाच मिनिटे उजेड. शिडीवर नव्हे, उतरण्याआधी हलवा. माझ्यावर विश्वास नसेल तर नळीला टाचणी लावा. हिला चिकटेल, तुमच्याकडच्या बत्तीवरून घसरून पडेल.

५. हे सगळे मी मेल्यावर तुमच्या हाती पडावे असे मनात होते. मग मला कुणी काही बोलले नसते. शेजारच्या खाटेवरचा गवंडी उद्या सुट्टीला निघालाय, वाटेत आपले घर लागते. त्याने वाचले आणि म्हणाला, "आणि तू जगलास तर? तू ऐंशीचा होईपर्यंत म्हाताऱ्याने शिडीवर उभं राहायचं का?"

म्हणून चौथे कलम माझ्या मरणाची वाट न बघता आजपासून लागू. बत्ती आणि हा कागद गवंडी तुमच्या हातात देईल. 'माझ्या पोराने केलीय' हे तुम्ही परत घेतलेत तरी चालेल, पण ती बत्ती घेऊन एकदाही उतरू नका. टाचणी लावून झाली की फोन करा, शिव्या द्यायला का होईना. दुपारी दोननंतर मी खोलीत एकटाच असतो.

स्थळ: बोगद्याच्या तोंडाशी, मजुरांची खोली, खिडकीकडची खाट
दिनांक: अकरा, रविवार

सही: भिंगरी

साक्षीदार १, गवंडी: सगळे वाचले. पोचवतो.
साक्षीदार २, मुकादम: मजकूर वाचला नाही. सही माझ्यासमोर झाली, नक्कल ठेवून घेतली. एका ओळीत लिहायला सांगितले होते.