जास्तीची गोळी

प्रिय राणीसरकार,

मी बरा आहे. हे पत्र दवाखान्यातून लिहितोय, पण घाबरू नकोस. अक्षर वाकडं आलंय ते उशीवर कागद ठेवल्यामुळे.

झालं असं, की परवा बाही जोडताना मला एका सुईच्या दोन दिसायला लागल्या आणि पापणी आपोआप मिटली. अशक्त वाटलं तर स्नायूंच्या आजाराची रोजची गोळी एखादी जास्त घ्या, असं तू फोनवर म्हणाली होतीस. तुझ्यामुळे असं नाही, पण घेतली. मग आणखी एक. तोंडाला पाणी सुटलं, घाम फुटला, पोट ढवळलं आणि मानच उचलेना.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "मास्तर, नसेकडून स्नायूला निरोप नेणारं एक रसायन असतं. गोळी ते लवकर मोडू देत नाही. पण निरोपांचा भडिमार झाला, की स्नायू ऐकेनासाच होतो."

म्हणजे गोळी कमी पडली तरी अशक्तपणा, जास्त झाली तरी अशक्तपणाच! मग आलाय तो कुठला, हे ओळखायचं कसं? शेजारच्या खाटेवरच्या आजोबांना तर याच जातीचं औषध विसराळूपणावर देतात. माझं डोकंच चालेनासं झालंय.

तुझा गुडघा कसा आहे? धाकटी तुझ्या माहेरच्या शाळेत रमली का?

उद्या सोडणार आहेत. "लक्ष ठेवायला घरी कोण आहे?" असं बाईंनी विचारलं, आणि माझ्या तोंडून "बायको" निघून गेलं. आता घरी मी एकटाच असतो हे त्यांना खरं सांगून टाकू, की तू परत येतेस?

तुझाच,
शिंपीबुवा