एकोणपन्नास दिवस घरात ठेवलेलं चित्र

४ नोव्हेंबर

काल बायकोला पोचवून आलो. नाव लिहीत नाही. गेलेल्या माणसाचं नाव घेतलं तर ते मागे वळून बघतं म्हणतात.

तिची थोरली बहीण, खांदताई, एकटीच लामाकडे जाऊन आली होती. गेल्याची वेळ सांगितली की लामा पोथी काढतो – आपल्याकडे म्हणतात सोनेरी पात्र उघडलं – आणि सांगतो, कुठल्या दिशेला न्यायचं, मन कशात अडकलंय. ताई आज म्हणाली, हिचं मन रंगवलेल्या वस्तूत आहे, जिच्यात दोन माणसं आहेत. एकोणपन्नासाव्या दिवसाच्या आत, जीव पुढच्या जन्माला लागण्याआधी, परक्याला देऊन टाकायची, नाहीतर ही इथंच घुटमळत राहील. बोलताना तिची नजर माझ्या ईझलवरच्या चित्रावर होती.

७ नोव्हेंबर

थंडी उणे बावीस. चित्र दिलं नाही.

१२ नोव्हेंबर

चाळीस वर्षं मी जोडपीच रंगवली. मेंढपाळ नवराबायको, एका अंगरख्यात शिरलेले दोघं, लढाईवर निघालेल्याच्या गालाला नाक लावून हुंगणारी, म्हणजे आपल्याकडचा मुका घेणारी बायको. लोक म्हणतात, काय हा जिव्हाळा! चित्रातल्या सगळ्या बायकांसाठी माझ्यासमोर उभी तीच राहिली. तक्रार एकच – "परक्या पुरुषांच्या मिठीत किती वर्षं उभी करणार?"

आमचं दोघांचं कधी काढलंच नाही. उन्हाळ्यात डॉक्टरांनी हात टेकले तेव्हा तिनं स्वतःहून सांगितलं, आता आपलं काढ. तिचा चेहरा झाला. माझा राहिला. माझ्या जागी, तिच्या कानशिलाशी, नुसता करडा डाग आहे.

१५ नोव्हेंबर

आज चेहरा काढायला बसलो. चार वेळा पुसला. तिला हुंगताना माझे डोळे मिटलेले असायचे. मी तेव्हा कसा दिसतो हे मला कसं कळणार? ते फक्त तिला माहीत.

२१ नोव्हेंबर

खांदताई आली. सोबत मटण भरून उकडलेले बूझ आणले होते, मी दोन खाल्ले. रडू नकोस म्हणाली, आपल्या आसवांचा तिच्या वाटेत समुद्र होतो. मग चित्राकडे बोट. मी म्हटलं, अपुरं आहे. तर म्हणाली, "गोंबो, तुझ्या हौसेपायी तिला दारात उभी ठेवणार का रे?"

हौस!

२८ नोव्हेंबर

लबाडी केली. जुनं एक जोडपं, विकलं न गेलेलं, कागदात गुंडाळून रस्त्यापलीकडच्या चांभाराला देऊन आलो. तो बिचारा दोन्ही हातांनी घेऊन कपाळाला लावू लागला. ताईला फोनवर सांगितलं, दिलं. बरं केलंस म्हणाली. आमचं चित्र कपाटामागे आहे.

२९ नोव्हेंबर

वाईट वाटायला हवं. वाटत नाही. घुटमळते तर घुटमळू दे! माझ्या घरात घुटमळते, दुसरीकडे नाही.

६ डिसेंबर

ती आहे. स्वयंपाकघरात गेलो की मागच्या खोलीत असते. रेडिओ तिच्या स्टेशनवर ठेवतो. दुपारी चित्र बाहेर काढतो, आणि किती दिवसांनी ब्रश हलका चालतो. चेहरा अजून नाही, पण खांदे जमले. कुणी मला पापी म्हटलं तरी चालेल.

१४ डिसेंबर

पाच दिवस उरले. नंतर तिला वाटच सापडली नाही तर? माझ्या सोबतीसाठी मी तिचा पुढचा जन्म अडवून बसलोय. सकाळी चित्र उचलून दारापर्यंत नेलं. परत आणलं.

१९ डिसेंबर

एकोणपन्नासावा. ताईसमोर सगळं कबूल केलं. ती रागावली नाही. म्हणाली, "लामा चित्राचं बोललाच नव्हता रे. त्यानं तिची चांदीची वाटी सांगितली, ती मी त्याच दिवशी देऊन टाकली. चित्राचं तिनं सांगून ठेवलं होतं मला, हॉस्पिटलात. घरात राहिलं तर गोंबो त्याच्याशीच संसार करत बसेल, म्हणाली."

म्हणजे ती कशातच अडकून राहिली नव्हती. केव्हाच गेली. इतके दिवस या घरात मी एकटाच होतो.